ड्रॉपरची आई

"आजी, ड्रॉपर म्हणजे काय हो?"

डॉक्टर मॅडमनी माईकवरून विचारलं. हॉलमध्ये आधीच खसखस पिकली होती. आई उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात पोटाशी धरलेले. तिला वाटलं, खरंच विचारतायत. कुणी विचारलं तर नीट सांगायचं, एवढंच तिला माहीत.

"पोरांना डोस पाजतात ना बाई, त्यातली," ती म्हणाली. "आधी ड्रॉपर. मंग डॉक्टर."

मग जे काय हसले. पुढच्या रांगेतले बाप खुर्चीत वळून बघायला लागले, कोण बोललं ते. कुणीतरी शेजाऱ्याला टाळी दिली. मॅडमनी तोंडावर हात धरला, पण माईक त्याच हातात होता. त्यामुळे त्यांचं हसू चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून आलं.

शेजारच्या खुर्चीतली बाई आईच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. आईपण हसली. मला वाटलं, आपलं बोलणं लोकांना आवडलं असं तिला वाटतंय. हसतच ती खाली बसली आणि माझ्या मांडीवर हात ठेवला.

आणि आजी कसली? माझी आई चाळिशीची. मॅडम तिच्याहून मोठ्या. केसांना रंग लावतात, त्यांच्याकडं कामाला होते तेव्हा त्याची बाटली मीच आणून द्यायचे. पण महाडच्या दवाखान्यात डोंगरावरून उतरून आलेली कुठलीही बाई आजीच असते.

महाडला हॉलमध्ये मेडिकल प्रवेशाची मार्गदर्शन सभा होती. नीटचा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते. प्रत्येक पालकानं उठून आपलं नाव सांगायचं आणि मुलगा किंवा मुलगी काय करते ते सांगायचं. आईनं सांगितलं होतं, "माझी पोरगी ड्रॉपर हाय. आता दुसरं वर्स ड्रॉपर हाय." तिथूनच हसायला सुरुवात झाली.

ड्रॉपर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. बारावी झाल्यावर नीटला बसायचं. मार्क कमी पडले की कुठंच प्रवेश न घेता वर्षभर परत अभ्यास करायचा आणि परत बसायचं. याला ड्रॉप घेणं म्हणतात. घेणारा तो ड्रॉपर. म्हणजे ज्याचं झालं नाही तो. मी पहिल्यांदा बसले तेव्हा झालं नाही. ड्रॉप घेऊन बसले, तेव्हाही झालं नाही. मॅडमच्या मुलाचंही दोनदा झालं नव्हतं. पण सभेच्या सुरुवातीला त्याच माईकवरून मॅडमनी सांगितलं होतं की आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षं गॅप घेतली. तेव्हा कुणी हसलं नाही. त्यांची गॅप असते.

आईनं हा शब्द कुठून उचलला तेही सांगते. आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, डोंगरावर. धनगरांची घरं. म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी, थोडी वरी. मी लहान असताना पोलिओचा डोस घेऊन दोन बायका वर यायच्या. एक नर्सबाई, आणि एक तिच्याबरोबरची, खांद्याला निळी पेटी अडकवलेली. नर्सबाई सावलीला बसून पोरांच्या बोटाला शाई लावायची आणि हाक मारायची, "ड्रॉपर आण गो." की ती पेटीवाली यायची आणि पोरांच्या तोंडात थेंब सोडायची. आईनं बघितलं, ड्रॉपर म्हटलं की ही बाई येते. म्हणजे हीच ड्रॉपर.

पुढं पहिल्या वेळी माझे मार्क कमी पडले तेव्हा बाबांचा मुंबईहून फोन आला. ते एका बिल्डिंगीत वॉचमन आहेत, शिमग्याला आणि गणपतीला येतात. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "मंग आता ती ड्रॉपर काय? हितं आमच्या बिल्डिंगमधली पोरगी बी ड्रॉपर हाय." आईनं तेवढंच ऐकलं. बिल्डिंगमधली पोरगी ड्रॉपर आणि आपली पोरगीपण ड्रॉपर. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं.

मी सांगितलं तिला. म्हटलं, "आये, ड्रॉपर म्हंजे ज्याचं झालं नाय तो."

"व्हईल ना," ती म्हणाली. "आधी तेच असतं." आणि म्हशीखाली बसली. आईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

तर त्या दिवशी हॉलमध्ये सगळे हसले तेव्हा मला काय वाटलं? काहीच वाटलं नाही. खोटं कशाला सांगू. समोर पंखा फिरत होता, त्याच्या एका पात्याला काळं लागलं होतं, ते मी बघत होते. असं माझं निकालापासून चालू होतं. दुसऱ्यांदा मार्क बघितले तेव्हापासून आत काही हलत नव्हतं. भूक लागायची नाही, रडू यायचं नाही. माणसं बोलायची ते ऐकू यायचं, पण लांबून.

मॅडमच्या दवाखान्यात मी कामाला होते. बारावीपर्यंत पोलादपूरला शिकले, मग ड्रॉपच्या वर्षी महाडला खोली घेतली. दोघी मुलींत एक खोली. सकाळी दवाखाना, दुपारपासून अभ्यास. केसपेपर काढायचा, नाव पुकारायचं, वजन करायचं, जखम धुवायची भांडी उकळायची. कामाचं मला काही वाटायचं नाही. शिकायला मिळत होतं. पण पहिल्याच आठवड्यात एका पेशंटनं विचारलं, डॉक्टर आहेत का. मी म्हटलं, "अजून आल्या नाय." मॅडम मागून येत होत्या.

"नाय नाही. नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "दवाखाना आहे हा, गोठा नाही."

पेशंटपण हसला. तो बिचारा स्वतः पोलादपूरकडचाच होता. तेव्हापासून मी नाही म्हणायला लागले. तोंडात खडा धरल्यासारखं बोलायचे. सुट्टीला घरी गेले तरी तसंच बोलायचे, मग आई म्हणायची, "बामणीण झालीस काय गो?"

दिवाळीत मॅडमचा मुलगा आला होता. तो आता खाजगी कॉलेजात डॉक्टर होतोय. मला म्हणाला, "तुला काय टेन्शन? तुला तर कॅटेगरी आहे." मी त्याच्यासाठी चहा नेला होता. कप ठेवला आणि आले. कॅटेगरीला पण मार्क लागतात, हे त्याला सांगायचं राहून गेलं. कॅटेगरीत पण मी कमीच पडले होते.

सभेनंतर दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. पेशंट नव्हते. त्या खुशीत होत्या.

"तुझं नशीब उघडलं तुझ्या आईनं," त्या म्हणाल्या.

एक संस्था होती. गावाकडची होतकरू मुलं निवडते, वर्षभर पुण्यात ठेवते, राहणं-जेवण-क्लास सगळं तिचं. नीटची तयारी करून घेते. मॅडम तिच्या महाडच्या प्रतिनिधी. संस्थेचे एक सर सभेला मागे बसले होते आणि त्यांना आईचं बोलणं फार आवडलं होतं. अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांची शिफारस, कामाचा अनुभव, आपली कहाणी एक पानभर, आणि मग पालकांसह मुलाखत.

मला ती जागा पाहिजे होती. हे सरळ सांगते. माझं फिजिक्स कच्चं होतं. कॉलेजात अकरावीला फिजिक्सला सरच नव्हते. निम्मा विषय कुणी शिकवलाच नाही. बारावीला जे आले त्यांनी बारावीचं शिकवलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी बायोलॉजी चांगली केली, केमिस्ट्री बरी केली. फिजिक्स व्हिडिओतून डोक्यात शिरत नव्हतं. मध्येच अडलं की विचारायला कुणी नव्हतं. पुण्यात विचारायला माणूस मिळाला असता. मला एवढंच हवं होतं, अडल्यावर विचारायला एक माणूस.

दोन दिवसांनी अर्ज आणि कहाणीचं पान लिहून नेलं. "तुझा अर्ज वीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मार्क वीक. कॉलेज वीक. इंग्लिशचं तर बोलायलाच नको. आता एकच गोष्ट स्ट्राँग करता येईल."

"काय?"

"गोष्टच," त्या म्हणाल्या. आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसल्या.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. मी लिहून आणलेलं पान त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्यात मी फिजिक्सचं लिहिलं होतं. दवाखान्यात काय शिकले ते लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, हे कोण वाचणार? त्यांनी इंग्रजीत स्वतः टाईप करायला घेतलं. सुरुवात अशी, की माझ्या अडाणी आईला वाटतं, ड्रॉपर म्हणजे डॉक्टरच्या खालची पोस्ट.

"हसवायचं आधी," त्या म्हणाल्या. "मग रडवायचं."

रडवायला काही पाहिजे होतं. मॅडमनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "घरात कोणी गेलंय का? म्हणजे डॉक्टर मिळाला नाही म्हणून?"

"नाही."

"आजोबा?"

"म्हातारे होऊन गेले."

"साप वगैरे चावून कोणी? आठव ना. तुमच्याकडे असतंच."

"नाही, मॅडम."

मी खोटं बोलले. माझी धाकटी चुलती गेली. बाळंतपणात अडली होती. पावसाळा होता, रस्ता तेव्हा अर्ध्यापर्यंतच आला होता. बांबूला गोधडी बांधली, तिच्यात तिला घातली, आणि चौघं खांदा देऊन खाली निघाले. मी मागून तिच्या चपला घेऊन चालत होते. येताना लागतील म्हणून. मधल्या ओढ्याशी तिचं कण्हणं थांबलं. सगळ्यांना कळलं. कुणी थांबलं नाही. पोलादपूरला पोचलो तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, आता कशाला आणलीत. मी चपला परत घेऊन आले.

हे मी मॅडमना सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते तेव्हा मला धड कळलं नव्हतं. फक्त तोंड उघडलं नाही. त्या लॅपटॉपवर बोटं ठेवून वाट बघत होत्या आणि मला वाटलं, चुलती त्यात जायला नको.

"बरं, राहू दे. ड्रॉपरवरच भागवू," मॅडम म्हणाल्या. "मुलाखतीला आईला घेऊन ये. आणि तिला म्हणावं नेहमीचं नेसून ये. नऊवारी. आणि ते काळं घोंगडं असतं ना तुमच्याकडे, ते घ्यायला सांग. इम्प्रेशन पडतं."

मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते. घरी फोन केला आणि आईला निरोप दिला, जसाच्या तसा.

मुलाखतीच्या दिवशी आई पहाटेच निघून पोलादपूरला उतरली आणि एसटीनं महाडला आली. बाबांनी गणपतीला मुंबईहून आणलेली जांभळी साडी नेसली होती. पाचवारी. आजच घडी मोडली होती तिची, चुण्या दिसत होत्या. केसाला तेल. हातात डबा, मॅडमसाठी तूप.

मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्याकडं वळल्या. "मी काय सांगितलं होतं? घोंगडं कुठाय?"

"त्याला म्हशीचा वास येतो बाई," आईच बोलली. "चांगल्या जागी कशाला?"

मॅडमनी तूप घेतलं आणि कपाळाला हात लावला. हॉल तोच होता. पुढं टेबल टाकलं होतं. पलीकडं तिघं. मध्ये ते सर, पांढरा शर्ट, हसरा चेहरा. मॅडम बाजूच्या खुर्चीवर. आम्ही दोघी समोर. आई खुर्चीच्या कडेवर टेकली होती. अख्ख्या खुर्चीवर ती कुणाच्या घरी बसत नाही.

सरांनी पान वाचलेलं होतं. माझी फाईल बंदच होती. मार्क, बारावीची गुणपत्रिका, सगळं त्यात.

"फार गोड गोष्ट आहे," सर म्हणाले. "पण आईंच्याच तोंडून ऐकायची आहे. आमच्या देणगीदारांना दाखवता येईल." त्यांनी कडेच्या माणसाला खूण केली. त्यानं मोबाईल आडवा धरला. "आजी, उभ्या राहा बरं. सांगा, तुमची मुलगी कोण आहे?"

आई उठली. उठताना तिनं माझ्याकडं बघितलं.

मागच्या वेळी ती हौसेनं उठली होती. या वेळी तशी उठली नाही. या वेळी तिनं आधी ओठ पुसले, साडीची चुणी हातानं दाबली, आणि तोंडावर हसू आणलं. आणलं. आलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की हिला माहीत आहे. ड्रॉपर म्हणजे काय ते हिला माहीत आहे, आणि तरी ही उठलीय. हे लोक हसले की पोरीला जागा मिळेल, एवढा हिशोब तिनं केला होता. हसवायला उठली होती ती.

पाय बधिर झाला की आधी काहीच कळत नाही. मग मुंग्या येतात आणि पाय टेकवत नाही. माझं तसं झालं. सगळ्या अंगाला.

"आये, बस," मी म्हणाले.

आई उभीच. सरांना वाटलं, मी तिला धीर देतेय. म्हणाले, "बेटा, आपण आईंशी बोलतोय."

"तिला बोलायचं नाय."

"नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. सवयीनं. दवाखान्यात सुधारतात तसं.

मी त्यांच्याकडं बघितलं. "नाय," मी म्हणाले.

मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली केला. आई बसली. सरांचा चेहरा अजून हसरा होता, पण आता तो नुसताच तसा ठेवला होता.

"बरं. मग तूच सांग. डॉक्टर का व्हायचंय तुला?"

चपला डोळ्यांपुढं आल्या. चुलतीच्या, लाल पट्ट्याच्या. एवढं एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. मला माहीत होतं ते. सर पुढं झुकले होते, मॅडमच्या भुवया वर गेल्या होत्या. सगळे तयार होते.

"सर, मला फिजिक्स येत नाय," मी म्हणाले. "अकरावीला आमच्याकडं शिकवायला माणूस नव्हता. बायोलॉजी चांगली हाय, दुसऱ्या वेळी वाढली. फाईलमध्ये मार्क हायत, ते बघा. त्यातलं काय पण विचारा. येत असंल ते सांगेन, नाय येणार ते नाय म्हणेन. मला शिकवणारा पाहिजे म्हणून अर्ज केलाय. तुम्ही पालक आणा म्हटलात, पालक आणलाय. ती काय दाखवायला आणलेली नाय."

सगळं बोलून झालं.

कुणीच फाईल उघडली नाही. सरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि मॅडमना इंग्रजीत म्हणाले, हिच्यात ॲटिट्यूड आहे, हिच्यात भूक दिसत नाही. एवढं इंग्रजी मला येतं. आई पहाटेपासून उपाशी होती आणि मीपण. पण त्यांना ती भूक म्हणायची नव्हती. "ठीक आहे, कळवू," ते मला म्हणाले. मराठीत.

मॅडम जिन्यापर्यंत मागे आल्या. "तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता," म्हणाल्या. "हाताशी आलेलं घालवलंस. तुमचं हे असंच असतं. उद्या वेळेवर ये, लसीकरण आहे."

दवाखान्याची चावी माझ्याकडं असायची. मी ती पिशवीतून काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"अगं, मी कुठं तुला काढलंय?" त्या म्हणाल्या.

"नाय. मी चालले."

आम्ही चवदार तळ्यापाशी येऊन बसलो. दवाखान्यात असताना मी रोज तिथंच डबा खायचे, पाय आपोआप तिकडं वळले. मार्चमध्ये इथं पाय ठेवायला जागा नसते. लांबलांबची माणसं येतात, पाण्याकडं बघत उभी राहतात, म्हाताऱ्या बाया ओंजळीत पाणी घेतात. त्या दिवशी कुणी नव्हतं. पाऊस उघडला होता. आईनं फडक्यातून भाकरी काढली आणि अर्धी मला दिली.

"गेली काय गो जागा?" तिनं विचारलं.

"गेली."

"माझ्यामुळं?"

"नाय."

मग मी विचारलं, "मी सांगितलं तवा ऐकलं नाय. तुला कधी कळलं, ड्रॉपर म्हंजे काय ते?"

"तवाच. हसले तवाच. बाजूच्या बाईनं कानात सांगितलं."

"मंग तू हसलीस कशाला?"

"तू बाजूला बसलेली," आई म्हणाली. "मी तोंड पाडलं असतं तर तुला काय वाटलं असतं?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला होता. आता कळलं, तो कशाला ठेवला होता.

"आणि मी खोटं काय बोलले?" आईचा आवाज चढला. ती चिडली होती, आत्ता कुठं चिडली होती. "लगीन होऊन आले तवापासून एक डॉक्टर आमच्या वाडीत चढून आलेला मी बघितला नाय. ती ड्रॉपरच यायची. उन्हाची यायची, पेटी घेऊन. तुला तिनंच पाजलाय डोस. तुझ्या भावाला बी. पाणी प्यायची आणि दुसऱ्या वाडीला जायची. म्हटलं, माझी पोर तिच्यासारकी व्हतेय. हसायला काय झालं?"

हे कुणी तिला विचारलं नव्हतं. मॅडमनी नाही, सरांनी नाही. तिचं एक वाक्य उचललं आणि पळाले. वाक्य तिचं पुरं झालंच नव्हतं.

मला बरं वाटलं असं समजू नका. बरं काही वाटलं नाही. राग आला. निकालापासून पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो राग होता. मॅडमचा आला, सरांचा आला, त्या मोबाईलवाल्याचा आला, हॉलमधल्या एकेका खुर्चीचा आला. आईला एसटीत बसवून दिलं तरी तो गेला नाही. अजून गेलेला नाही. मी तो जाऊ देत नाही.

संस्थेचा फोन आला नाही. दुसऱ्या कुणा मुलीला घेतलं म्हणे. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिच्याकडून काय सांगवून घेतलं असेल ते तिचं तिला माहीत.

महाडची खोली सोडली. आता पोलादपूरला असते. स्टँडजवळ औषधांच्या दुकानात दुपारचं काम मिळालं. आणि सकाळी कॉलेजात जाते, माझ्याच जुन्या कॉलेजात, अकरावीच्या वर्गात. फिजिक्सला आता एक सर आलेत. त्यांना जाऊन विचारलं, मागं बसू का. ते म्हणाले, बस, पण हजेरीत तुझं नाव असणार नाही. नको म्हटलं नाव. शेवटच्या बाकावर बसते. पोरं माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी लहान. अडलं की हात वर करते. रोज करते. पोरं कंटाळतात, कुजबुजतात, मी हात खाली घेत नाही. सरांनी एकदा सांगून कळलं नाही तर परत विचारते.

पहिल्या आठवड्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून विचारलं, "ताई, तुम्ही ड्रॉपर का?" तिच्या शेजारची तोंड दाबून हसत होती.

"हो. ड्रॉपर हाय," मी म्हणाले. दोघी परत फळ्याकडं वळल्या.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट तर सांगितलीसच शेवटी. चुलतीची पण सांगितलीस. सांगितली. माझ्या तोंडानं सांगितली, मला वाटलं तेव्हा सांगितली, आणि त्याबदल्यात कुणाकडं काही मागितलेलं नाही. तुम्हाला रडू आलं तर ते तुमचं तुम्ही बघा.

मेमध्ये पेपर आहे. नाय झालं तर पुढच्या मेमध्ये बसेन. तेव्हाही नाय झालं तर त्याच्या पुढच्या. चपला घरी आढ्याला खोचलेल्या हायत, त्या मी कुठल्या टेबलावर मांडणार नाय. आईला कुठं उभी करणार नाय. अर्ज माझा वीक आहे, तो मी फिजिक्सनं स्ट्राँग करतेय.

त्यांना माझ्याकडून गोष्ट मिळणार नाय. मार्क मिळतील.